दोन रिंगा म्हणजे झोपला

योगिनीने मोबाईल घेतला तो हौसेसाठी नाही, हे तिने नाशिकला इंदिरानगरच्या त्यांच्या सोसायटीत जिन्यागणिक एकदा तरी सांगून झालं होतं. तरी वरच्या मजल्यावरची तृप्ती म्हणालीच, "घेतलास ना, मग मिरव की. लाजतेस काय."

लाजायचा प्रश्नच नव्हता. अडीच वर्षांचा रुद्र दिवसभर समोरच्या वत्सलाकाकूंकडे, नवरा अमित अंबडच्या कारखान्यात मशीनवर, आणि ती स्वतः पार पिंपळगाव बसवंतला, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसच्या ऑफिसात. इतक्या लांबून पोराची शिंक आईला ऐकू यायची कशी? नोकरी धरताना तिने घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, फोन हाताशी आहे तोवरच ही नोकरी. ज्या दिवशी फोन सुटला त्या दिवशी नोकरी सुटली. त्यावर सासूबाईंनी सायखेड्याहून "बघू" एवढंच कळवलं होतं. घाट उतरून गेलेल्या गाडीकडे बघतात तशा सुरातलं ते "बघू" होतं, आणि योगिनीला ते खोटं पाडायचं होतं.

आता फोन आला, पण बोलायचं कशाला? बोललं की बिल येतं. तेव्हा सगळा महाराष्ट्र जे करत होता तेच त्यांनी केलं. मिस कॉल. काकूंनी आपल्या लँडलाइनवरून फिरवायचं, रिंग वाजू द्यायची आणि कट करायचं. एक रिंग म्हणजे जेवला. दोन म्हणजे झोपला. तीन म्हणजे पोट साफ झालं. थांबेचना, तर मात्र काहीतरी गंभीर आहे, उचलायचं.

यातली तिसरी खूण ऐकून हसू येणाऱ्यांच्या घरात लहान मूल नसावं. रुद्र त्या बाबतीत हट्टी होता. एरवी मागेल ते देणारा हा मुलगा नेमकं तेवढं मात्र द्यायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका. डॉक्टरांनी काळजी करू नका म्हटलं की योगिनीला जी काळजी लागे ती कशानेच जात नसे. त्यामुळे तीन रिंगांची ती चातकासारखी वाट बघायची.

रविवारी रंगीत तालीम झाली. काकू त्यांच्या हॉलमध्ये, योगिनी आपल्या स्वयंपाकघरात, मधे दोन उघडी दारं. पहिल्याच फेरीत लक्षात आलं की काकूंच्या कानातल्या रिंगा आणि योगिनीच्या फोनातल्या रिंगा यांचं आपसांत पटत नाही. काकू दोन मोजून ठेवायच्या, इकडे एकच वाजलेली असायची.

"मी दोन दिल्या," काकू.

"मला एक मिळाली," योगिनी.

"मधली कुठं गेली मग?" रुद्रला कडेवर घेऊन काकू दारात आल्या आणि त्यांनी खरोखर जिन्यात वाकून बघितलं.

मग ठरलं की काकूंनी एक जास्त मोजायची. तृप्ती वरून डोकावत होतीच. ती म्हणाली, चौथी रिंगही ठरवून ठेव, सिलिंडर आल्याची. योगिनी म्हणाली, "मी पिंपळगावात बसून सिलिंडरचं काय करू?"

"काही करायचं नाही गं. मनाला बरं वाटतं."

सिलिंडरची खूण मंजूर झाली. या सोसायटीत तृप्तीची सूचना फेटाळून कोणी सुखाने राहिलेलं नाही.

व्यवस्था छान बसली होती. तेवढ्यात धनराजशेठना अविश्वासाचा झटका आला.

झालं असं होतं, की शेठ हॉलंडच्या गिऱ्हाइकाला मुंबईच्या दलालामार्फत जो भाव देत, त्याच्यापेक्षा जरासा कमी भाव शेजारच्या कंपाउंडमधला व्यापारी लगेच देऊ लागला होता. एकदा झालं तर योगायोग, पण हंगाम ऐन भरात आलेला आणि दर कंटेनरला हेच. शेठनी पुण्यात कॉम्प्युटर शिकलेल्या भाच्याला बोलावलं. भाच्याने सगळ्या पॅकहाऊसमधून एक चक्कर मारली, द्राक्षं खाल्ली आणि निदान केलं. "मामा, तुमची माणसं कामाला येताना खिशात एकेक भोक घेऊन येतात. फोन त्यांचा, पण भोक तुमच्या भिंतीला." लँडलाइनवरही बोलू नका म्हणाला, तिला ऑफिसात दुसरं डबडं जोडलंय, कोणीही उचलून ऐकेल. महत्त्वाचं बोलायचं तर आपल्या मोबाईलवरून, बाहेर मोकळ्यावर जाऊन बोला.

संध्याकाळी शेठनी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं. कात्र्या हातात घेऊन द्राक्षं निवडणाऱ्या बाया, ड्रायव्हर, ऑफिसवाले, सगळे. शेठ म्हणाले, "माझा तुमच्या सगळ्यांवर पूर्ण विश्वास आहे. म्हणून उद्यापासून सगळ्यांनी फोन गेटवर जमा करायचे."

यातलं "म्हणून" योगिनीला रात्री उशिरापर्यंत उलगडलं नाही. ती बीएस्सी होती. कार्यकारणभाव तिने रीतसर शिकलेला होता.

नोकरी सोडायची की काय, यावर घरात चर्चा झाली. अमित म्हणाला, "आमच्याकडं पण आत नेऊ देत नाहीत. मी काय मेलो?" अमितला मुलाच्या पोटात कधी काय गेलं याचाही पत्ता नसे, मग बाहेर काय आलं ते दूरच. पण सोडायची म्हटलं की सायखेड्याचं "बघू" कानात वाजे. शेवटी तिने मधला मार्ग काढला. गेटवरच्या सहादूला विश्वासात घेतलं.

सहादूकडे फोन ठेवायला द्राक्षाचा एक निळा क्रेट दिला होता. प्रत्येक फोनला पेटीवर लावतात तशी लॉट नंबरची चिठ्ठी चिकटवलेली. परदेशातल्या मडमेला जसा त्या नंबरावरून आपल्या घडाचा मळा सापडतो, तसा प्रत्येकाला संध्याकाळी आपला फोन सापडावा, अशी शेठची योजना होती. योगिनीने सहादूला समजावलं, "माझा वाजला की फक्त मोजायचं आणि मला येऊन सांगायचं. उचलायचा नाही."

दुपारी सहादू धावत ऑफिसात आला. "मॅडम, वाजला."

"किती वेळा?"

"लय."

"लय म्हणजे किती, सहादूभाऊ?"

सहादू विचारात पडला. "वाजला, आन् मंग थांबला."

म्हणजे जेवला, की झोपला, की तिसरं? योगिनीला त्या दिवशी डबा गेला नाही. संध्याकाळी कळलं की सिलिंडर आला होता.

पण खरा प्रसंग पुढच्या आठवड्यात आला. सहादू चहाला गेला, तो क्रेट सावलीत म्हणून शेडच्या कडेला ठेवून गेला. निळे क्रेट तिथं डोंगरासारखे रचलेले. हमालांनी रांगेने उचलले आणि ट्रॉलीवरून सगळे प्रीकूलिंगच्या खोलीत ढकलले. ही खोली म्हणजे द्राक्षं पोटातून गार करायची जागा. जाड दार, लोखंडी भिंती, आत बर्फासारखा वारा. रेंज आत शिरत नाही.

तिकडे वत्सलाकाकू दोन रिंगा द्यायला बसल्या तर फोनातली बाई म्हणाली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. काकूंनी पुन्हा फिरवला. बाईने पुन्हा तेच सांगितलं. काकूंनी तिला विचारलं, "बाहेर म्हणजे कुठं गेली?" त्यावरही बाई तेच म्हणाली. काकूंनी तृप्तीला हाक मारली. तृप्ती म्हणाली, हायवेवर कसले ट्रक असतात तुम्हाला माहीत नाही काकू. तिने अमितच्या कारखान्यात फोन लावला. अमित मशीन बंद करून स्कूटरवरून निघाला तो थेट पिंपळगावला, हेल्मेट डोक्यावर तसंच, आणि गेटवर सहादूला म्हणाला, "माझी बायको कुठाय?"

सहादू म्हणाला, "बाया आत लय हायेत. लॉट नंबर सांगा."

क्रेट शोधायला अख्खी प्रीकूलिंग उघडावी लागली. दार उघडं राहिल्याने आतला माल घामेजला. घडांच्या क्रेटांखालच्या क्रेटातून एकेक फोन निघाला, तोही घामेजलेला. ड्रायव्हर आपापले फोन बनियनमध्ये घालून ऊब देत उभे. शेठ डोक्याला हात लावून क्रेटवर बसले होते. अमितने सगळ्यांच्या देखत बायकोला विचारलं, "बरी आहेस ना?" योगिनीला धरणी दुभंगावी असं वाटलं. पण गारठलेल्या फोनला जीव येताच तीन रिंगा वाजल्या, आणि तिला हसू फुटलं. हे शेठनी बघितलं. त्या वेळी त्यांना काही वाटलं नाही.

शेठ म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, भरवशाच्या आहात. तुमचा एकटीचा फोन टेबलावर राहू द्या. बाकीच्यांचे तुमच्या नजरेखाली कपाटात."

योगिनीची मान ताठ झाली. घरी जाताना तिने सोसायटीत ही गोष्टही जिन्यागणिक सांगितली. कपाटाची किल्ली तिने मंगळसूत्राजवळ अडकवली आणि रोज सकाळी ती असे काही हात पुढे करून फोन मागायची की ड्रायव्हर लोक पोलीस ठाण्यात आल्यासारखे खिसे उलटे करत. एकदा तर तिने खुद्द शेठकडे बघून हात पुढे केला होता. शेठनी फोन छातीशी धरला आणि म्हणाले, "मी मालक आहे."

भाव मात्र तसाच शेजारी जात राहिला.

आता शेठची मती बघा. सगळे फोन कपाटात, म्हणजे सगळी भोकं बुजली. उघडं उरलं एक. ते योगिनी मॅडमच्या टेबलावर. शेठनी केबिनच्या काचेतून पाळत ठेवली. आणि त्यांना जे दिसलं ते खरोखरच भयंकर होतं. आपण भाव ठरवतो न ठरवतो तोच मॅडमचा फोन वाजतो. उचलत नाहीत. बोलत नाहीत. नुसत्या मोजतात. ओठ हलतात. दोन वाजल्या तर सुस्कारा टाकतात, तीन वाजल्या तर हसतात. एकदा तीन वाजल्यावर त्यांनी देवाला हात जोडले, आणि त्याच दिवशी हॉलंडचा कंटेनर हातचा गेला.

योगिनीला केबिनमध्ये बोलावणं आलं. भाचाही पुण्याहून हजर होता.

"मॅडम, हा फोन कोणाचा वाजतो?"

"घरून."

"मग बोलत का नाही?"

"बोलायचं नसतं. ते रिंगांवर असतं."

मामा-भाच्यांनी एकमेकांकडे बघितलं. शेठ हळूच म्हणाले, "काय असतं रिंगांवर?"

योगिनीने पदर सावरला. बीएस्सीच्या तोंडी परीक्षेतही तिला इतका घाम आला नव्हता. "एक म्हणजे जेवला. दोन म्हणजे झोपला."

"आणि तीन?"

योगिनीने पदर पुन्हा सावरला.

"तीनलाच तुम्ही हसता, मॅडम."

"तीन म्हणजे," योगिनी भिंतीवरच्या द्राक्षाच्या कॅलेंडरला उद्देशून म्हणाली, "शी झाली."

शेठनीही कॅलेंडरकडे बघितलं. मग भाचा म्हणाला, "मामा, हा कोड आहे. कोणाला संशय येऊ नये म्हणून असलंच काहीतरी घेतात."

"कोड नाही हो, मूल आहे," योगिनीचा आवाज चढला. "फोन करा. माझ्याच फोनवरून करा. वत्सलाकाकूंना विचारा, रुद्र काय करतोय म्हणून."

शेठनी तिचा फोन उचलला, नंबर लावला आणि आपल्या त्या शेड हादरवणाऱ्या आवाजात म्हणाले, "हॅलो, रुद्र काय करतोय?"

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. योगिनीने पेपरात मुलं पळवणाऱ्या टोळीची बातमी वाचली होती, आणि तेव्हापासून काकूंना पढवून ठेवलं होतं की अनोळखी पुरुषाचा फोन आला तर घरात मूल आहे हे मेलं तरी सांगायचं नाही. काकू एकदा पढवलेलं विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांची अख्खी हयात शाळेत पाढे घेण्यात गेली होती.

"कोण रुद्र?" पलीकडून खणखणीत आवाज आला. सगळ्या केबिनला ऐकू गेला. "इथं कोणी मूलबीळ नाही."

"योगिनी मॅडमचा मुलगा."

"कोण योगिनी? मी तिला ओळखत नाही." आणि फोन आपटला गेला.

योगिनीला एकाच क्षणी काकूंचे पाय धरावेसे वाटले आणि गळाही. "त्या माझ्या सांगण्यावरून," ती म्हणाली, "मीच त्यांना तसं सांगून ठेवलंय." हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर तिला कळलं की निरपराध माणसाने बोलू नये असं एक वाक्य जर जगात असेल तर ते हेच.

शेठचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "घरी जा, मॅडम. उद्यापासून येऊ नका. फोन इथं राहू द्या, तपासायचा आहे."

डबा आणि पर्स घेऊन ती बाहेर आली. नाशिककडे जाणारी गाडी कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, शेजारच्या व्यापाऱ्याच्या वजनकाट्याजवळ थांबायची. ती तिथं जाऊन उभी राहिली. ट्रकमागून ट्रक जात होते. नोकरी गेली याचं दुःख करावं, की चोर ठरलो याचं, की रुद्र या घडीला काय करतोय हे जगातल्या कुठल्याच रिंगेने कळणार नाही याचं, हे ठरेना. सासूबाईंना काय सांगायचं ते मात्र ठरलं होतं. काहीच नाही.

वजनकाट्याच्या टपरीत पुंजा बसला होता, काट्यावरचा माणूस. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. चेहऱ्यावर खरी कळकळ होती.

"मॅडम, एक इचारू का? राग नका मानू. ते पोरगं खरंच तुमचं हाय ना?"

योगिनीने वळून बघितलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आत्ताच ना. शेठ मुंबईच्या दलालाला सांगत व्हते, की मॅडमला पोरगंच नाय, सगळा शीचा बनाव हाय. मला लय वाईट वाटलं. तुम्ही बाईमाणूस, असं कशाला कराल."

"तुम्ही आत होतात?"

"मी कशाला आत जातोय. शेठ हंगाम सुरू झाल्यापासून हितं येत्यात." पुंजाने भिंतीकडे बोट केलं. भिंतीच्या त्या बाजूला, अगदी टपरीला टेकून, एक ओटा होता. "त्यांच्या मोबाईलच्या कार्डाला आत पत्र्यात रेंज नाय. हितं ओट्यावर चढलं की मिळते. आन् मुंबई लांब पडते, मंग वरडून बोलावं लागतं."

योगिनीच्या डोक्यात भोक पडावं तसा उजेड पडला. पाळत ठेवायची सवय असलेल्या बाईने इतके दिवस पाळत ठेवली ती फक्त आपल्या फोनावर. तिने डबा खिडकीत ठेवला, गेटवर गेली आणि सहादूला म्हणाली, "शेठना ओट्यावर बोलवा. म्हणावं, रेंज आलीय."

शेठ आले. मागोमाग भाचा. भिंतीच्या इकडून योगिनीने शांत आवाजात विचारलं, "पुंजाभाऊ, उद्याच्या कंटेनरचा भाव काय निघालाय?"

पुंजाने लगेच सांगितला. पैशासकट सांगितला. कोणत्या मालाला किती आणि हॉलंडवाला कुठं अडलाय, तेही सांगितलं. वर म्हणाला, "आमच्या मालकाला मी नेहमी सांगतो, धनराजशेठसारखा दिलदार माणूस नाय. लोक भाव लपवून ठेवत्यात, हे ओट्यावर चढून सांगत्यात."

ओट्यावर भाच्याने आपल्या मोबाईलकडे निरखून बघायला सुरुवात केली, जणू त्यात काही महत्त्वाचं आलं आहे. शेठ भिंतीवरून खाली योगिनीकडे बघत होते. माफी मागायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. ते म्हणाले, "ऊन लागेल, मॅडम. आत चला."

केबिनमध्ये शेठनी तिचा फोन टेबलावर सरकवला. मग खिशातून स्वतःचा काढला आणि तोही सरकवला. "कपाटात टाका," ते दुसरीकडे बघत म्हणाले. योगिनीने हात पुढे केला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. एक. दोन. तीन. ओळखीची भीती ओळखीच्या सुखाकडे वळतेय तोच चौथी वाजली. सिलिंडर तर परवाच आलेला. पाचवी. फोन थांबेना. शेठ उभे राहिले. ते स्वतः मोजत होते, हे तिला नंतर आठवलं.

तिने उचलला.

"कोण बोलतंय?" काकूंचा संशयी आवाज.

"मीच, काकू. योगिनी. रुद्र कसा आहे? काय झालं?"

"त्याला काय धाड भरलीय. मजेत आहे, झाकण वाजवतोय. अगं, मघाशी एका बाप्याचा फोन आला होता. आवाज मेला कसायासारखा. रुद्रचं नाव घेऊन विचारत होता. मी काही एक पत्ता लागू दिला नाही. रुद्र नाही, तू नाहीस, कोणी कोणी नाही म्हणून सांगितलं. तृप्ती म्हणाली, बिल पडलं तर पडू दे, पण योगिनीला कळवा. चुकलं नाही ना काही?"

काकूंचा आवाज फोनाबाहेर सांडत होता. कसायासारखा आवाज असलेले गृहस्थ समोर उभे राहून ऐकत होते.

"नाही, काकू," योगिनी म्हणाली. "अगदी बरोबर केलंत."

तिने फोन ठेवला. शेठ सावकाश खुर्चीत बसले. सगळ्या हंगामात त्यांनी भाचा आणला, क्रेट ठेवला, कपाट घेतलं, माल घामेजवला, आणि तोंड बंद ठेवणारं माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटलं होतं.

"मॅडम," ते आदराने म्हणाले, "या बाई आपल्याकडं कामाला येतील का?"

योगिनीने फोन दोन्ही हातांनी धरला. "त्यांना सवड नाही," ती म्हणाली. "त्या माझ्याकडं कामाला आहेत."